हॅमर ड्रिल वापरताना: आधी भिंत ओळखा, मग ठोका द्या

नवं हॅमर ड्रिल घरी आलं की बहुतेक जण पहिलं छिद्र ठोक्याची कळ चालू ठेवूनच पाडतात, मग भिंत कसलीही असो. कामं बिघडायला सुरुवात इथून होते. ठोका हा काँक्रीटसाठी आणि पक्क्या भाजलेल्या विटेसाठी आहे. टाइलला त्याने तडा जातो, हलक्या ब्लॉकमध्ये छिद्र सैल होतं आणि जुन्या चुन्याच्या भिंतीत आठ मिलिमीटरच्या जागी मुठीएवढं भगदाड पडतं. ठोका कधी द्यायचा नाही, हे नवशिक्याने आधी शिकायचं.

इंदूरमध्ये तर एकाच गावात सगळ्या तऱ्हेच्या भिंती भेटतात. राजवाड्याच्या आसपास आणि रामबागेकडे जी जुनी घरं उरली आहेत, त्यांत चुन्यात बांधलेल्या विटा असतात आणि जोत्याला माळव्याचा काळा दगड. नंतरच्या वसाहतींमधली घरं लाल विटेची, वर सिमेंटचा गिलावा. बायपासकडच्या उंच इमारतींत खांब आणि तुळया काँक्रीटच्या, मधल्या भिंती पांढुरक्या हलक्या ब्लॉकच्या; काही इमारतींत तर सगळ्याच भिंती साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या असतात. म्हणून शेजाऱ्याच्या भिंतीत जे जमलं ते आपल्या भिंतीत जमेलच असं नाही.

भिंत कसली आहे हे कसं कळणार

जिथे पुढे कपाट किंवा फळी झाकेल अशा जागी ४ किंवा ५ मिमीच्या बिटने, ठोका बंद ठेवून, एक चाचणीचं छिद्र घ्या. पहिले १२ ते २० मिमी गिलावा असतो, त्याची राखाडी भुकटी पाहून काही ठरवू नका. त्याच्या पुढची भुकटी बघा. लाल आली तर वीट. पांढुरकी, मऊ आणि बिट लोण्यातून गेल्यासारखं सरकतंय, तर हलका ब्लॉक. राखाडी, अगदी थोडी येते आणि बिट पुढे जायलाच तयार नाही, तर काँक्रीट. चुन्याची जुनी भिंत असेल तर बिट कधी सरकन आत जातं, कधी अडतं, आणि छिद्राच्या कडेने वाळूसारखे कण गळत राहतात.

ज्या भिंतीत ओल आहे, पावसाळ्यानंतर पोपडे सुटलेत, तिथे छिद्र घेऊच नका. तिथला गिलावा काही धरत नाही आणि आत वायर असेल तर ओल्या भिंतीतून विजेचा धक्का बसायचा धोका वाढतो. आधी गळती थांबवा, भिंत सुकू द्या.

मशीन आणि बिट

घरकामाला ५०० ते ६५० वॅटचं, १३ मिमी चक (बिट पकडणारा जबडा) असलेलं इम्पॅक्ट ड्रिल, म्हणजे घरगुती हॅमर ड्रिल, पुरतं. त्याच्या आत दात असलेल्या दोन चकत्या एकमेकींवरून घसरतात आणि मिनिटाला चाळीस हजारांच्या आसपास बारीक ठोके बसतात. हे ठोके तुम्ही मशीन भिंतीवर दाबलं तरच पडतात. खाचा असलेल्या दांड्याचं एसडीएस प्लस बिट लागणाऱ्या रोटरी हॅमरचं तंत्र निराळं: आत पिस्टन हवा दाबतो, ठोके मिनिटाला चार-पाच हजारच, पण एकेक ठोका जड. विटेच्या घरात दोन-चार फळ्या लावायच्या तर पहिलं बास. पूर्ण काँक्रीटच्या फ्लॅटमध्ये मात्र साध्या इम्पॅक्ट ड्रिलने एका छिद्रामागे घाम निघतो, बिट जळतं, मग माणूस अंगाचा भार टाकतो आणि अपघात तिथेच होतो. तिथे रोटरी हॅमर भाड्याने आणणं शहाणपणाचं.

बिटं तीन तऱ्हेची लागतात आणि ती एकमेकांच्या जागी चालत नाहीत. भिंतीचं बिट म्हणजे ज्याच्या टोकाला कार्बाइडची पाचर बसवलेली असते. लोखंडाचं बिट पूर्ण पोलादाचं, ते भिंतीत घातलं तर एका छिद्रात बोथट होतं. लाकडाच्या बिटाला मधोमध अणी असते. इंदूरच्या सियागंज बाजारात बिटं घेताना टोकाची पाचर दांड्यापेक्षा किंचित रुंद आहे ना, एवढं नखाने चाचपून बघा. झिजलेल्या बिटाचं छिद्र अरुंद होतं, बिट त्यातच आवळलं जातं आणि मशीन हातात पिळवटतं.

प्लास्टिकचा रावल प्लग, ज्याला मिस्त्री गिट्टी म्हणतात, त्याचं आणि बिटाचं माप एकच ठेवा: ८ मिमी प्लगला ८ मिमी बिट. ६ मिमी प्लगला साधारण ४ मिमी जाडीचा स्क्रू, ८ मिमी प्लगला ५ मिमीचा. लांबीचा हिशेब असा. समजा प्लग ५० मिमी लांब आहे. छिद्र ६० मिमी खोल घ्या, कारण तळाला थोडी भुकटी राहतेच. लावायची पट्टी ३ मिमी जाड असेल तर स्क्रू ५० अधिक ३, आणि त्यावर स्क्रूच्या जाडीइतकं म्हणजे ५ मिमी, असा ५८ येतो. बाजारात ६० चा घ्या. स्क्रूचं टोक प्लगच्या बाहेर निघालं तरच प्लग पूर्ण फुलतो. गिलावा २० मिमी असला तरी प्लगचा ३० मिमी भाग विटेत बसतो, आणि भार तोच भाग पेलतो. गिलाव्यातच संपणारे आखूड प्लग वापरल्यामुळे कितीतरी फळ्या वर्षाच्या आत खाली येतात.

वीज: भिंतीतली आणि मशीनची

भिंतीच्या आतल्या वायरी बहुधा स्विचबोर्डाच्या सरळ वर किंवा सरळ खाली जातात आणि छताजवळ आडव्या फिरतात. पाण्याचे पाइप नळाच्या आणि गिझरच्या रेषेत असतात. म्हणून प्रत्येक बोर्ड, सॉकेट आणि नळ यांच्यापासून वर-खाली आणि डावी-उजवीकडे पेन्सिलीने रेघ ओढा आणि त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना १५ सेंमी जागा सोडा. जुन्या घरात नंतर वायरिंग बदललेलं असेल तर मिस्त्रीने वायरीची झिरी तिरकी मारलेली असू शकते. अशा ठिकाणी वायर शोधणारा डिटेक्टर हवा. तोही खोलवरची वायर दाखवेलच असं नाही, त्यामुळे त्या खोलीचा एमसीबी खाली करून दुसऱ्या सर्किटवरून ड्रिल चालवा.

घरात इन्व्हर्टर असेल तर नीट लक्ष द्या. मेन बंद केला की इन्व्हर्टर लगेच चालू होतो आणि दिव्या-पंख्यांच्या वायरींत वीज तशीच राहते. एमसीबी पाडला म्हणून भिंत सुरक्षित झाली असं समजू नका. इन्व्हर्टरची कळ बंद करा, त्याचा आउटपुट तोडा, आणि मग त्या खोलीतला दिवा-पंखा लावून बघा. काहीच चालू होत नसेल तरच पुढे जा.

मशीनच्या पाटीवर एका चौकोनात दुसरा चौकोन अशी खूण असेल तर ते दुहेरी इन्सुलेशनचं आहे, त्याला दोन पिनांचा प्लग चालतो. ती खूण नसेल तर तीन पिनांचा प्लग आणि चालू अर्थिंग हवंच; तिसरी पिन तोडून दोन पिनांच्या सॉकेटात कोंबणं म्हणजे जीव टांगणीला लावणं. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारी कळ) असावा. काम सुरू करण्याआधी त्याची टेस्टची कळ दाबून तो पडतो की नाही हे बघून घ्या.

६०० वॅटचं ड्रिल २३० व्होल्टवर तीन अँपिअरच्या आत वीज घेतं, म्हणून ६ अँपिअरचं सॉकेट पुरतं. एक्स्टेन्शनची वायर १.५ चौरस मिमीची घ्या आणि गुंडाळीवरची असेल तर ती पूर्ण सोडा. गुंडाळलेली वायर आतल्या आत तापते आणि तिचं आवरण वितळतं. वायरीला चिकटपट्टी लावलेली दिसली की ती वायर आधी बदला.

अंगावर काय असावं, काय नसावं

डोळ्यांवर बाजूंनी बंद असलेला गॉगल. नंबरचा चष्मा पुरेसा नाही, कण बाजूने आत जातात. हॅमर ड्रिलचा आवाज १०० डेसिबलच्या आसपास जातो आणि ८५ च्या वर कानाला इजा सुरू होते, म्हणून कानात बोळे किंवा वरून मफ. छतात किंवा चार-पाच छिद्रं घ्यायची असतील तर एन ९५ मास्क. रुमाल बांधल्याने सिमेंट-वाळूतली सिलिकाची बारीक धूळ अडत नाही, आणि तीच फुप्फुसात साचते.

हातात सैल कापडी मोजे नकोत. फिरणाऱ्या चकात मोज्याचा एक धागा अडकला की बोटही मागोमाग ओढलं जातं. हीच गोष्ट ओढणीची, साडीच्या पदराची, मोकळ्या केसांची, लांब बाह्यांची, मनगटावरच्या गंड्यादोऱ्याची आणि गळ्यातल्या मंगळसूत्राची. पदर खोचा, केस वर बांधा, गळ्यातलं काढून ठेवा किंवा कपड्याच्या आत घाला. कामानंतर बिट बदलताना मात्र मोजा घाला. ते इतकं तापलेलं असतं की कातडी चिकटते.

छिद्र घेताना

१. प्लग सॉकेटातून काढलेला असताना बिट चकात घाला, शक्य तितकं आत. चावी तिन्ही भोकांत फिरवून आवळा. एकाच भोकात आवळलं तर बिट वाकडं फिरतं. चावी काढून खिशात ठेवा. चकातच राहिलेली चावी ट्रिगर दाबताच दगडासारखी उडते.

२. बाजूचा दांडा लावा आणि घट्ट पिळा. पुष्कळ लोक तो डब्यातच ठेवतात. बिट अडकलं की फिरण्याचा सगळा जोर मनगटावर येतो, आणि लहान इम्पॅक्ट ड्रिलमध्ये तो सोडून देणारा क्लच बहुधा नसतो. दोन्ही हात मशीनवर असतील तरच ते आवरतं. दांड्यातली खोली मोजायची सळई ६० मिमीवर लावा. सळई नसेल तर बिटवर चिकटपट्टीचा वेढा द्या.

३. खुणेवर खिळ्याने हलकी खोच पाडा. ठोका बंद. अगदी सावकाश सुरू करून ५ मिमी खोल जा, म्हणजे बिट सरकणार नाही.

४. ट्रिगर सोडा, चक थांबू द्या आणि मग कळ ठोक्यावर न्या (वीट किंवा काँक्रीट असेल तरच). फिरतं चालू असताना कळ बदलली तर आतले दात झिजतात. उलटसुलट फिरवायची कळही अशीच, थांबल्यावरच.

५. पाय खांद्याइतके फाकवून, बिट भिंतीला काटकोनात धरून एकसारखा दाब द्या. अंगाचा भार टाकू नका. दर आठ-दहा सेकंदांनी बिट फिरतं ठेवूनच बाहेर ओढा, भुकटी निघू द्या, पुन्हा आत. भुकटी आत साचली की बिट तापतं आणि टोक निळं पडतं. असं बिट पुन्हा कामाचं राहत नाही.

६. पूर्ण खोलीवर पोचलात की बिट फिरतं ठेवूनच बाहेर काढा. आत थांबवलं तर ते रुतून बसतं. छिद्रातली भुकटी लहान पंपाने किंवा बारीक ब्रशने काढा. तोंडाने फुंकली की सगळी डोळ्यांत येते. प्लग हातोडीच्या हलक्या ठोक्याने आत बसला पाहिजे. बोटाने सहज गेला तर छिद्र मोठं झालंय, एक माप मोठा प्लग घ्या. काड्या कोंबून भागवू नका.

ट्रिगर दाबलेला ठेवणारं लहान बटण पुष्कळ ड्रिलना असतं. हातात धरून भिंतीत काम करताना ते कधीही वापरायचं नाही. बिट अडकल्यावर मशीन थांबवायला बोट सोडणं एवढंच तुमच्या हातात असतं, आणि ते बटण नेमकं तेच काढून घेतं.

भुकटी घरभर होऊ नये म्हणून छिद्राच्या खाली मास्किंग टेपने एक उघडं पाकीट चिकटवा. छतात छिद्र घेताना कागदी पेल्याच्या तळातून बिट ओवून घ्या. भुकटी पेल्यात पडते, डोळ्यांत आणि मोटरीच्या जाळीत जात नाही.

भिंतीप्रमाणे बदल

हलक्या ब्लॉकमध्ये ठोका पूर्ण बंद. प्लग त्याच ब्लॉकसाठी मिळणारे लांब, पंखवाले घ्या. साधा प्लग त्यात फिरत राहतो. गिझरसारखं जड सामान अशा भिंतीवर लावायचं असेल तर आरपार बोल्ट आणि मागे पट्टी हा भरवशाचा मार्ग. २५ लिटरच्या गिझरमध्ये पाण्याचंच वजन २५ किलो असतं, टाकीचं वेगळं.

चुन्याच्या जुन्या भिंतीत सांध्यात छिद्र घेऊ नका, विटेच्या मधोमध घ्या, ठोका न देता, ५ मिमीपासून हळूहळू वाढवत. जोत्याच्या काळ्या दगडावर इम्पॅक्ट ड्रिल फारसं चालत नाही, बिट नुसतं घासत राहतं. तिथे रोटरी हॅमर.

टाइलवर खुणेच्या जागी मास्किंग टेपची फुली करा म्हणजे बिट घसरणार नाही. भाल्याच्या टोकासारखं टाइलचं बिट, ठोका बंद, कमी वेग. टाइल पार झाली की बिट बदला आणि मागच्या विटेत भिंतीचं बिट घाला. तेव्हाही बिट टाइलमधल्या छिद्राच्या कडेला घासू देऊ नका. छिद्र टाइलच्या कडेपासून निदान ४-५ सेंमी आत घ्या. व्हिट्रिफाइड टाइल फार कडक, तिला हिऱ्याचं कोअर बिट आणि पाण्याचा थेंब लागतो. पाणी ब्रशने लावा, मशीनवर उडू देऊ नका, आणि हे काम आरसीसीबी नसलेल्या लाइनवर करू नका.

काँक्रीटमध्ये बिट एकाएकी पुढे जाणं थांबलं, आवाज धातूसारखा टणटणीत झाला आणि भुकटीत चमकणारे कण दिसले तर सळई लागली आहे. तिथेच थांबा. जोर लावला तर कार्बाइडची पाचर तुटते, आणि तुळई किंवा खांबाची सळई कापणं हे इमारतीशी खेळणं आहे. ३ ते ५ सेंमी सरकून नवीन छिद्र घ्या, जुनं सिमेंटने बुजवा. तुळईच्या खालच्या अंगाला शक्यतो छिद्र घेऊच नका, तिथे मुख्य सळया असतात.

बिट अडकलंच तर ट्रिगर सोडा, प्लग काढा, कळ उलटी करा, पुन्हा प्लग लावून दोन्ही हातांनी धरून अगदी हळू उलटं फिरवा. तरीही सुटलं नाही तर चक सैल करून मशीन वेगळं करा आणि बिट पान्याने फिरवून काढा. स्टुलावर किंवा शिडीवर हे घडलं तर मशीनचा झटका माणसाला खाली फेकतो. म्हणून उंचावरच्या कामाला रुंद पायांची घोडी घ्या, प्लास्टिकचं स्टूल नको, आणि कमरेपासून बाजूला वाकून हात लांबवू नका. उतरा, घोडी सरकवा.

ग्राइंडर आणि मार्बल कटर

ड्रिलवर हात बसला की लोक लगेच ग्राइंडर उचलतात. ड्रिलच्या चुकीने मनगट मुरगळतं. ग्राइंडरच्या चुकीने बोट जातं, कधी चेहराही. आपल्याकडचा नेहमीचा ग्राइंडर १०० मिमीचा, बिनभार मिनिटाला सुमारे ११,००० फेऱ्यांचा. चकतीची कड त्या वेळी सेकंदाला सुमारे ५८ मीटर वेगाने फिरत असते. चकतीवर छापलेल्या कमाल फेऱ्या मशीनच्या फेऱ्यांपेक्षा जास्त हव्यात. गार्ड काढून १०० च्या मशीनवर १२५ ची चकती चढवणारे कारागीर दिसतात. त्यांचं बघून शिकू नका. लाकूड कापायची दातेरी चकती ग्राइंडरला कधीही लावू नका. दात लाकडात अडकला की मशीन उलट अंगावर येतं.

कापायची पातळ चकती फक्त कडेने वापरायची, तिच्या पोटाने घासायचं नाही, ती फुटते. मधल्या धातूच्या कड्यावर मुदतीचं साल असतं, ते उलटून गेलेली किंवा ओल लागलेली चकती टाकून द्या. नवी चकती लावल्यावर मशीन अंगापासून दूर धरून एक मिनिट रिकामं फिरवा. फुटायची असेल तर तेव्हाच फुटते. चकतीच्या रेषेत उभं राहायचं नाही, बाजूला राहायचं. ठिणग्या जिथे पडतात तिथून पडदे, गादी, थिनर हलवा. कळ बंद केल्यावरही चकती काही सेकंद फिरत राहते, थांबेपर्यंत मशीन खाली ठेवू नका.

मार्बल कटरने भिंतीत वायरीची झिरी मारताना ड्रिलच्या कित्येक पट धूळ उडते. दार बंद करून, मास्कशिवाय हे काम करणारा माणूस रोज सिलिका ओढत असतो. खिडक्या उघडा, भिंत आधी ओली करून थोडी निथळू द्या, दुसऱ्याला व्हॅक्युमची नळी झिरीजवळ धरायला सांगा, आणि कारागिराला मास्क तुम्ही द्या. सहसा तो स्वतःहून मागत नाही.

काम संपल्यावर

मशीनचा प्लग सॉकेटातून काढा, मोटरीच्या जाळीवरची धूळ कोरड्या ब्रशने झाडा. चालू असताना जाळीतून बारीक निळसर ठिणग्या दिसणं नेहमीचं आहे. गोल फिरणारी मोठी ठिणगी, जळका वास किंवा मधूनच बंद पडणं म्हणजे मोटरीतले कार्बन (ब्रश) झिजलेत. दोन्ही कार्बन एकदम बदला, एकच बदलला तर तो लवकर झिजतो. मॉडेलचा आकडा लिहून न्या, कार्बनची मापं प्रत्येक मॉडेलची वेगळी असतात. रोटरी हॅमरच्या बिटाच्या दांड्याला दर वेळी ग्रीसचं बोट लावा. बॅटरीचं ड्रिल असेल तर बॅटरी काढून वेगळी ठेवा, आणि ती संपून निकामी झाली की ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता कचरागाडीच्या ई-कचऱ्याच्या कप्प्यात द्या.